चार फुटांची गॅलरी आणि चौदा माणसं

कॉलेजनं इंटर्नशिपला पाठवताना आम्हाला एक पांढरं हेल्मेट, शिक्का मारलेलं पत्र आणि एक डायरी दिली. पत्रात लिहिलं होतं, की सदर विद्यार्थिनीस स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगच्या क्षेत्राची विशेष ओढ आहे. हे कॉलेजला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. मी तरी सांगितलं नव्हतं. डायरीत दर दिवसाला एक पान होतं आणि प्रत्येक पानावर दोन चौकटी: 'आज केलेले काम' आणि 'आज मिळालेले ज्ञान'. ज्ञानाची चौकट कामाच्या चौकटीच्या दुप्पट होती. ज्यानं ती छापली तो आशावादी माणूस असावा.

ओतूरहून सकाळची एसटी धरून नारायणगाव, तिथं गाडी बदलून मंचर, असा माझा रोजचा प्रवास. हेल्मेट पिशवीत मावत नव्हतं, म्हणून हातात धरलेलं. पहिल्याच दिवशी कंडक्टरनं तिकिटाचं मशीन दाबता दाबता विचारलं, "गाडी कुठं लावली, ताई?" मागच्या बाकावरचे दोघं हसले. दुसऱ्या दिवसापासून मी हेल्मेट ओढणीत गुंडाळून नेऊ लागले. त्यानं ते कलिंगडासारखं दिसायचं, पण कलिंगडाबद्दल कुणी काही विचारत नाही.

ज्या इंजिनिअर सरांकडे मला पाठवलं होतं, त्यांचं ऑफिस मंचरला एका हार्डवेअरच्या दुकानावर होतं. वर जायचा जिना दुकानातूनच. दुकानाचे शेठ राजस्थानातले, म्हणजे त्यांचे पणजोबा राजस्थानातले; शेठ स्वतः माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचे आणि जास्त बोलायचे. त्यांनी हेल्मेटवर बोटानं टकटक केली.

"हे भेट द्यायचं हेल्मेट आहे," ते म्हणाले. "घालायचं वेगळं असतं. वर तसंही पंख्याशिवाय पडण्यासारखं काही नाही."

वर गेल्यावर कळलं, की पंखा खरंच पडण्यासारखा होता.

सर पन्नाशीचे, बारीक, कमी बोलणारे. बोलले तर बहुधा प्रश्नच विचारायचे. कॉलेजात आम्ही बारा मजली इमारत भूकंपात कशी हलेल याचं गणित केलं होतं. मी त्या तयारीनं गेले होते. सरांच्या टेबलावर बारा मजली काहीच नव्हतं. गायींचा गोठा होता, टोमॅटोच्या प्रतवारीची शेड होती आणि बाकी सगळे बंगले होते. दोन खोल्यांचं घर असलं तरी ड्रॉइंगवर 'बंगला' लिहायचं, ही आमच्याकडची रीत. बंगल्याला गेट, गेटवर दोन सिंह. पहिल्या दिवशी मी विचारलं, सिंहांना सळई किती लागते. सर म्हणाले, "कोडमध्ये बघ." मी बांधकामाच्या त्या नियमपुस्तकात खरंच अर्धा तास बघितलं.

संध्याकाळी कामाच्या चौकटीत लिहिलं, 'ऑफिसची ओळख.' ज्ञानाची चौकट रिकामी ठेवली.

तिसऱ्या दिवशी सर मला समोरच्या खानावळीत जेवायला घेऊन गेले. ताट आलं, तशी त्यांनी बाजरीची भाकरी उचलली. अर्धी टेबलावर ठेवून तिच्यावर तळहात दाबला. उरलेली अर्धी टेबलाच्या कडेबाहेर, हवेत. मग दुसऱ्या हाताच्या बोटानं बाहेरच्या टोकावर हळूच दाब दिला. भाकरी बरोबर टेबलाच्या कडेवर फाटली.

"कुठं फाटली?"

"कडेवर."

"वरून का खालून?"

मी वाकून बघितलं. "वरून."

"मग गॅलरीची सळई कुठं पाहिजे?"

"वर."

"आणि त्या सळईवर लोक चालले, तर ती कुठं जाते?"

"खाली."

"मग?"

"मग गॅलरी पडते."

"लगेच नाही पडत," सर म्हणाले आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. "टेकू काढेपर्यंत छान दिसते."

एका बाजूनं घराला धरलेली आणि दुसऱ्या बाजूनं मोकळी, अशा वस्तूला कॉलेजात कॅन्टिलिव्हर म्हणतात. त्यावर मी एक पूर्ण पेपर दिला होता आणि बरे गुणही मिळवले होते. भाकरी कुठून फाटते हे मात्र वाकून बघावं लागलं.

त्याच आठवड्यात सिस्टर ऑफिसात आल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी तळेघरच्या बाजूला, भाताच्या खाचरांतून आणि चढणीवरून. कळंबला त्यांच्या जुन्या घराच्या जागी नवीन घर चाललं होतं. त्यांना त्यात फक्त एका गोष्टीबद्दल बोलायचं होतं.

"ग्यालरी पाच फूट करा," त्या म्हणाल्या.

"चार," सर म्हणाले.

"साडेचार?"

"सिस्टर, तुम्ही कधी पोरांना लशीचा अर्धा डोस जादा दिलाय का?"

"न्हाई."

"चार."

सिस्टरना हे पटलं. त्या माझ्याकडे वळल्या, कदाचित मी नवीन ऐकणारी होते म्हणून. "तीस वर्षं चालले बघ, बाळा. लशीचा डबा खांद्याला. गाडी जायची तिथवर गाडी, पुढं पाय. क्वार्टरला एक खिडकी व्हती, ती पण संडासाच्या भिंतीकडं उघडायची. आता मला बसायचंय. पश्चिमेला तोंड करून. डोंगर तिकडं, मी इकडं. घर कसंबी बांधा तुमी, पण ग्यालरी नीट बांधा."

सरांनी ड्रॉइंगवर गॅलरीभोवती लाल पेन्सिलनं गोल केला आणि ते काम मला दिलं.

गॅलरीचा स्लॅब पाच इंच जाड. मुख्य सळ्या, काँक्रीट ज्यांच्यावर ओततात त्या खालच्या फळ्यांपासून चार इंच उंचीवर राहायला हव्यात, एवढंच बघायचं होतं. सळ्या आपोआप वर राहत नाहीत. त्यांच्याखाली सळईचेच वाकवलेले छोटे चौरंग बसवतात. साइटवर त्यांना चेअर म्हणतात. ड्रॉइंगमध्ये दर दोन फुटांवर चेअर होती. स्लॅबच्या आदल्या दिवशी मी कळंबला गेले, तर मुकादमानं दर चार फुटांवर एक ठेवलेली.

मुकादम तळेघरकडचा. सगळं एकटाच होता: सळई बांधणारा, फळ्या लावणारा, गावाकडून माणसं आणणारा. वय चाळीसच्या पुढं, कानावर पेन्सिल.

"भाऊ, चेअर कमी आहेत," मी म्हणाले.

"ताई, सळईवर कोण झोपणाराय का?"

"नाही."

"कोण नाचणाराय?"

"नाही."

"मंग?"

मी टेप लावून बघितला, तर चार इंच. दुसरीकडे चार. तिसरीकडे चार. आकडा बरोबर असताना वाद घालणं मला अवघड वाटलं, आणि खरं सांगायचं तर मुकादम मला 'म्याडम' सोडून 'ताई' म्हणायला लागला होता, ते मोडायची इच्छा नव्हती. मी ड्रॉइंगवर टिक केली आणि सरांना फोटो पाठवला. उत्तर आलं: 'उद्या मी तळेघरला. रेंज नसेल. गॅलरी बघ.'

त्या दिवशी ज्ञानाची चौकट मी पूर्ण भरली. अक्षरही चांगलं आलं.

सिस्टरच्या घरात मुहूर्त बघत नाहीत; सासऱ्यांच्या पिढीनं धम्म स्वीकारला तेव्हापासून ते बंद. "मिक्सर येईल तो मुहूर्त," त्या म्हणाल्या होत्या. मिक्सर सकाळी आठला आला. शिडीशेजारी उभं राहून घरच्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मजुरांनीही टोप्या काढल्या, आणि तीन-चार मिनिटांत सगळं आटोपलं. मला वाटलं, आता काम सुरू. पण सिस्टरचे धाकटे भाऊ म्हणाले, "पाहुणे येईपर्यंत थांबा."

पाहुण्यांना भावानं बोलावलं होतं. ते कोण, हे समोरच्या फ्लेक्सवर पाच ओळींत लिहिलेलं होतं. त्यांतली एक ओळ 'माजी'नं सुरू होत होती, एक 'भावी'नं, आणि मधल्या तिन्ही ठिकाणी ते अध्यक्ष होते. वर मोठ्या अक्षरांत 'भव्य स्लॅब शुभारंभ सोहळा'. पाहुण्यांचा फोटो पुरुषभर उंचीचा. सिस्टरचा फोटो खालच्या कोपऱ्यात, नोकरीच्या ओळखपत्रावरून घेतलेला, त्यावर अर्धा गोल शिक्काही आला होता. फ्लेक्स कॉलमच्या वर निघालेल्या सळ्यांना बांधला होता. एवढ्या सळ्यांचा काहीतरी उपयोग झाला, असं भावाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पाहुणे दीड तास उशिरा आले. त्यांच्यासोबत दहाएक माणसं. सगळे शिडीनं वर चढले, पाहुण्यांनी नारळ फोडला आणि भाषण केलं. ते म्हणाले, "स्लॅब म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. स्लॅब हा विकासाचा पाया आहे." मी मनातल्या मनात चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची उजळणी केली. छप्पर आणि पाया एकच असलेली इमारत मला आठवेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सत्कार झाले. सिस्टरचा झाला, मुकादमाचा झाला, आणि माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणालं, "इंजिनिअर ताई राहिल्या." माझ्या खांद्यावर शाल आली. डोक्यावर ते भेट द्यायचं हेल्मेट होतंच.

फोटो काढणारा खाली गल्लीत उभा होता. तो ओरडून म्हणाला, "साहेब, मागं कॉलम येतोय. जरा पुढं या, ग्यालरीत."

पाहुणे पुढं गेले. त्यांच्याबरोबर त्यांची माणसं गेली. खाली टेकू होते, त्यामुळं कुणी पडणार नव्हतं. भीती माणसांची नव्हती, सळ्यांची होती. हे तिथं एकट्या मलाच माहीत होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पाहुणे म्हणाले, "महिलांना पुढं घ्या. इंजिनिअर ताई, या, अशा टोकाला उभ्या राहा."

मी गेले.

हे दोन शब्द लिहायला मला बराच वेळ लागला. भाकरी डोक्यात होती, शाल खांद्यावर. शाल जड निघाली.

सिस्टरना रश्श्याकडे बघायचं होतं, त्या सत्कार झाल्या झाल्या खाली उतरल्या होत्या. गॅलरीत आम्ही मोजून चौदा जण होतो. मोजले नंतर, फोटोवरून. फोटोवाला म्हणाला, "अजून थोडं जवळ." आम्ही जवळ झालो. माझ्या पायाखालची सळई सावकाश खाली गेली, जुन्या खाटेचा काथ्या वजनानं बसतो तशी. मी हसत होते, कारण फोटो निघत होता.

मग सगळे जेवायला खाली गेले. मिक्सर सुरू झाला, माणसांची रांग लागली, घमेली वर येऊ लागली. घराच्या मागच्या कोपऱ्यातून काँक्रीट टाकत टाकत पश्चिमेला यायचं होतं. गॅलरी सगळ्यात शेवटी. माझ्या हातात दोन तास होते. मी शाल काढली, टेप काढला आणि गॅलरीच्या कडेला बसून मोजलं. दीड इंच. दुसरीकडे सव्वा. टोकाला, मी उभी होते तिथं, फळीला सळई जवळजवळ टेकलेली.

सरांना फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, ते संपर्काच्या बाहेर आहेत. हे सरांनी आदल्या दिवशीच कळवलं होतं, तरी मी चार वेळा खात्री करून घेतली.

"भाऊ, गॅलरीची सळई बसली," मी मुकादमाला सांगितलं.

"सळई आत हाये न्हवं? मंग झालं. वर काय न खाली काय, काँक्रीटला दिसतंय व्हय?"

"गॅलरी मुळातून तडकेल."

"ताई, वीस वर्सं स्लॅब टाकतोय. माझा एकबी पडला न्हाई."

"गॅलऱ्या किती टाकल्या?"

"लई."

"टेकू काढल्यावर परत बघायला कधी गेलात?"

मुकादमानं कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानावर ठेवली. "कामं असत्यात, राव," तो म्हणाला. मग जरा आवाज चढवून, "आन आता मशीन चालू हाय, माणसं लायनीला लागल्यात. मी न्हाई थांबवायचा. मालकिणीला इचारा."

त्याला वाटलं, मी विचारणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते मला येऊन, आणि सांगायचं काय, तर सोहळ्यानं गॅलरी बिघडवली आणि सोहळ्यात मी टोकाला उभी होते.

घरामागं मांडवात स्लॅबचं जेवण होतं. स्लॅबच्या दिवशी घरधन्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, हे आमच्या भागात कुठल्याही कोडपेक्षा काटेकोर पाळतात. मासवडी, रस्सा, बाजरीच्या भाकऱ्या. भाकऱ्यांची चवड टोपलीत. पाहुणे मखमली खोळ घातलेल्या खुर्चीवर बसले होते. तशीच एक खुर्ची शेजारी रिकामी होती, त्यांचा मान राखायला म्हणून. सिस्टर हातात पळी घेऊन वाढत होत्या.

"बस की, बाळा, जेवून घे."

मी टोपलीतली भाकरी उचलली. पाहुण्यांच्याच टेबलाच्या कडेवर अर्धी दाबून धरली, अर्धी बाहेर. 

"सिस्टर, ही तुमची गॅलरी."

टोकावर बोट दाबलं. भाकरी फाटली. या वेळी मला वाकून बघावं लागलं नाही.

"अशी वरून फाटू नये म्हणून सळई वर लागते. ती आता खाली गेलीय. टेकू आहेत तोवर गॅलरी छान दिसेल."

"आन टेकू काढल्यावर?"

"तुम्ही खुर्ची टाकून बसाल..." मी फाटलेला तुकडा वर धरला.

सिस्टरनी पळी पातेल्यात ठेवली. "खाली गेली कशानं?"

"आम्ही चौदा जण तिच्यावर उभे राहिलो. फोटोला. मी पण होते."

पाहुण्यांचा घास हातातच राहिला. भाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांची नजर काही बरी नव्हती. सिस्टर मात्र फक्त भाकरीकडे बघत होत्या. तीस वर्षं त्यांनी असंच बघितलं असणार: कुणाची चूक, हे नंतर, आधी जखम.

"सुधारतंय का?"

"हो."

"किती वेळ?"

"दोन तास. आता पावणेदोनच उरलेत."

"मग हितं काय करतीस?"

पाहुणे म्हणाले, "आमच्यामुळं काही...?"

"न्हाई साहेब, तुमी जेवा. मासवडी घ्या अजून," सिस्टर म्हणाल्या आणि शेजारची रिकामी मखमली खुर्ची उचलली. भाऊ म्हणाले, "ताई, ती पाहुण्यांची हाय." "पाहुणे एकाच खुर्चीवर बसल्यात की," त्या म्हणाल्या.

खुर्ची दोरीनं वर चढवली. गॅलरी जिथून सुरू होते तिथं दोन फळ्या आडव्या टाकून सिस्टरनी त्यावर खुर्ची ठेवली आणि गॅलरीकडे पाठ, मजुरांकडे तोंड करून बसल्या.

"लस दिल्याबिगर मी एक पोर दारातून सोडलं न्हाई कधी," त्यांनी मुकादमाला सांगितलं. "तसंच समज. मी उठंस्तोवर एक घमेलं पुढं येणार न्हाई."

"येऊ नाय दिला माल, तर कडक व्हतोय, सिस्टर."

"मग हात चालव."

मी एकटी बसून सळ्या बांधायची तार पिळत होते. पाचव्या गाठीला बोट कापलं. तार पिळायचा हुक वर्गात बघितला होता. तो कसा धरायचा यावर प्रश्न आला नव्हता. दहा मिनिटांनी मुकादम माझ्या शेजारी येऊन बसला, हातातला हुक काढून घेतला आणि म्हणाला, "नुसतं रगत काढू नका. सळई उचलून धरा."

त्यानं उरलेल्या तुकड्यांच्या चेअर वाकवायला सुरुवात केली. दर दोन फुटांना एक हवी होती. त्यानं दर दीड फुटाला बसवली. रागानं बसवली, पण घट्ट बसवली. मागून मिक्सरचा आवाज आणि घमेल्यांची रांग हळूहळू आमच्याकडे सरकत होती. सिस्टर अधूनमधून मान न वळवता विचारत, "किती राहिलं?" आणि आम्ही दोघं एकदमच म्हणत असू, "झालं, झालं." हेही मला नवीन होतं, तोवर मुकादम आणि मी एका वाक्यावर कधी आलो नव्हतो.

"घ्या," तो शेवटी म्हणाला. "आता हत्ती आणा."

सिस्टर उठल्या. मी मोजायला वाकले, तर त्यांनी हात पुढं केला. टेप त्यांच्याकडे दिला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन फळीवर गुडघे टेकून त्यांनी एकेक जागा मोजली. "चार. चार. सव्वाचार, हे चालंल का?"

"चालेल."

"चार. साडेतीन. हे न्हाई चालायचं."

"सिस्टर, अर्ध्या इंचानं काय व्हतंय?" मुकादम म्हणाला.

"तुझ्या पोरीला मी अर्धा डोस दिला व्हता का रं?"

मुकादमानं गुपचूप ती चेअर काढून पुन्हा वाकवली.

काँक्रीट आलं तेव्हा मजूर फळ्यांवरूनच चालले. एकाचाही पाय सळईवर पडला नाही. सिस्टर कडेला उभ्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांना त्यांनी लहानपणी सुई टोचलेली असावी. आम्ही जेवलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मासवडी संपली होती, रस्सा होता. मी मोडलेली भाकरीच खाल्ली. पाहुणे गेले होते, जाताना फोटो ग्रुपवर टाकून.

सर संध्याकाळी तळेघरहून परस्पर कळंबला आले. ओल्या गॅलरीकडे बघून म्हणाले, "किती आलं?"

"चार."

"कुणी मोजलं?"

"सिस्टरनी."

"आधी किती होतं?"

"दीड."

"कशामुळं?"

मी फोन पुढं केला. सरांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. चौदा माणसं, एक फ्लेक्स, आणि सगळ्यांत पुढं शाल पांघरून, पांढऱ्या हेल्मेटात हसणारी मी.

"टोकाला उभी आहेस," ते म्हणाले.

"हो."

"कॅन्टिलिव्हरला सगळ्यात जास्त त्रास कुणाचा?"

"टोकाला असेल त्याचा."

"बरोबर," सर म्हणाले आणि फोन परत दिला. त्यानंतर चेअरबद्दल विचारलं. दोनच्या जागी चार फूट होते आणि मी टिक केली होती, हे मी सांगितलं. सर वळून चालू लागले. प्रश्न विचारणाऱ्या माणसानं प्रश्न न विचारणं फार वाईट असतं.

त्या रात्रीच्या पानावर ज्ञानाच्या चौकटीत मी एवढंच लिहिलं, की खुर्च्या कमी ठेवू नयेत. कॉलेजच्या मॅडमनी शेजारी लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं. ते अजून तिथं आहे.

पुढचा महिनाभर मी दर दोन-तीन दिवसांनी कळंबला उतरायचे. गॅलरी उन्हानं लवकर सुकू नये म्हणून तिच्यावर ओली पोती टाकली होती, आणि पोती उडू नयेत म्हणून सिस्टरनी त्यावर फ्लेक्स अंथरला होता. पाहुणे पाठीवर पडून आकाशाकडे बघत हसत होते. कडेला वीट ठेवायची म्हणून एक वीट 'भावी'वर होती. भावाला ते आवडलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "दाराला लावून नुसता वाऱ्यानं फडफडला असता. हितं कामाला तरी आला."

त्या मला पोटभर जेवू घालायच्या आणि दर वेळी तेच विचारायच्या, "पडायची न्हाई न्हवं?" मी म्हणायचे, "नाही." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आवाज बारीक होता. नंतर नंतर जरा सुधारला. पण खात्री मला टेकू काढेपर्यंत नव्हती, हे आता सांगायला हरकत नाही.

टेकू काढायच्या दिवशी सर, मुकादम, सिस्टर आणि मी, एवढेच होतो. सरांनी गॅलरीच्या टोकाखाली भिंतीपासून आडवी दोरी ताणून बांधली, म्हणजे गॅलरी किती वाकते ते दिसेल. मुकादमानं टोकाकडून सुरुवात केली. पहिला टेकू. दुसरा. प्रत्येक ठोक्याला सिस्टर डोळे मिटत होत्या. शेवटचा निघाला. सरांनी दोरी बघितली, वर चढून गॅलरीच्या मुळाशी वाकून बघितलं, तडा शोधत नखानं रेघ ओढल्यासारखं केलं आणि खाली येऊन हात झटकले.

काहीही झालं नाही. आमच्या धंद्यात काहीही न होणं यापेक्षा मोठा सोहळा नसतो, पण त्याचा फ्लेक्स कसा छापणार?

मग आम्ही सगळे वर गेलो; वरच्या खोलीच्या भिंती आणि गॅलरीच्या दाराची चौकट तोवर उभी राहिली होती. सिस्टरनी एक साधी प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "जा. आधी तू बस."

"मी कशाला? तुमची गॅलरी आहे."

"टिक तू केली व्हतीस. मग आधी बसणं पण तुझंच."

मुकादमाला हे इतकं पटलं, की तो खाली गल्लीत जाऊन उभा राहिला, नीट बघायला. मी खुर्ची उचलली. गॅलरीत पाऊल टाकताना नकळत टाच उचललेली राहिली, जणू वजन अर्धं घेऊन आत जाता येतं. मग खुर्ची टोकाला ठेवली, जिथं मी त्या दिवशी उभी होते, आणि बसले. पश्चिमेला ऊस, मग घरांचे पत्रे, मग लांब डोंगरांची निळसर रेघ. सिस्टर दारात उभ्या होत्या, घड्याळ बघत. लस दिल्यावर पोराला काही त्रास होतो का, ते बघायला थोडा वेळ बसवून ठेवतात, तसं.

"आता ऊठ," त्या म्हणाल्या.

मी उठले. त्या आल्या, बसल्या, पदर सारखा केला, पाय लांब केले.

"सर," त्यांनी मागं न बघता विचारलं, "ह्याच्यावर आता चौदा माणसं चालतील का?"

"आता चालतील," सर म्हणाले.

"नको," सिस्टर म्हणाल्या. "एकच खुर्ची मावते असं सगळ्यांना सांगा."

तोवर मुकादमही गल्लीतून वर आला होता. आम्ही तिघं आत, दाराशी, जागा असूनही उभे राहिलो.